खर्जाची सही

संगीतावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. गायकाचा गळा, कवीचा शब्द, संगीतकाराची चाल, फार तर सतारीचा किंवा बासरीचा एखादा तुकडा, इथवर आपली समीक्षा पोचते. गाण्याच्या तळाशी चाललेल्या बेसबद्दल मात्र कोणी सहसा बोलत नाही. मी पस्तीस वर्षं बेस गिटार वाजवतो आहे : गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, लग्नं, कॉलेजांची गॅदरिंगं, गोव्यातल्या हॉटेलांमधले डिसेंबर. त्यामुळे या लेखातला पक्षपात आधीच कबूल करून टाकतो.

प्रश्न असा : ज्याचं नाव तबकडीवर छापलेलंच नाही, तो वादक नुसत्या आवाजावरून ओळखता येतो का?

सगळ्यांत मोठा दाखला डेट्रॉइटचा आहे. मोटाउन कंपनीचा स्टुडिओ वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात होता. तिथे साठच्या दशकात जेम्स जेमर्सन हा वादक रोजंदारीवर बसावं तसा बसून वाजवत असे. पोरं-पोरी ज्यांवर नाचत होती त्या असंख्य गाण्यांचा पाया त्याने घातला, आणि वेष्टणावर त्याचं नाव नसे. ते ठळकपणे आलं 1971 साली, मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. 1983 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्यावरचं पुस्तक 1989 चं आणि माहितीपट 2002 चा. म्हणजे दोन्ही मागाहून.

1964 मधलं 'माय गर्ल' ऐका. सुरुवातीला फक्त बेस आहे. षड्ज, मग थोडी वाट पाहायला लावून पंचमावरून पुन्हा षड्ज. त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटार चढत येते : सा रे ग प ध सां, आपल्या कानाला चक्क भूपाचा आरोह. लोकांच्या लक्षात ती गिटार राहते. पण बेस काढून ती वाजवून पाहा, बोटांचा सराव चालला आहे असं वाटेल. आणि तीनच वर्षांनी आलेल्या 'बर्नाडेट'मध्ये हाच माणूस गायकाच्या पायाखालची जमीन सतत हलवतो. मधल्या अर्ध्या स्वरांवर पाय टेकवत, मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर उतरत. चांगल्या तबलजीचा डग्गा जसा ठेका सोडत नाही पण ठेक्यात स्वस्थ बसतही नाही, तसं.

आता तारांबद्दल. बेसवाल्यांच्या जगात हा जवळजवळ धर्माचा विषय आहे. तारेवर गोल तारेचं वेटोळं असेल तर ती राउंडवाउंड; आवाज झळझळीत, पियानोच्या जवळचा. चपट्या पट्टीचं वेटोळं असेल तर फ्लॅटवाउंड. आवाज गोल, बुटका, लाकडी. तानपुऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एकीची जवारी खुली, दुसरीची बंद. जेमर्सनच्या 1962 च्या फेंडर प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, सर्वांत जाड तार 0.110 इंचाची, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे म्हणतात. तारांच्या टोकाशी, झाकणाखाली, फोमचा तुकडा. त्या मापाचे संच आजही विकले जातात.

मीही एक विकत घेतला. त्याआधी वर्षानुवर्षं राउंडवाउंड वापरल्या. मुंबईच्या दमटपणात आणि घामात त्या चार-सहा कार्यक्रमांत मरत. मग घरच्या पातेल्यात उकळून काढायच्या, चार दिवस पुन्हा चमकत. (ते पातेलं पुढे स्वयंपाकघरात परत घेतलं गेलं नाही.) जाड फ्लॅटवाउंड चढवल्यावर गिटारची मान ताणाने वाकली, ती सरळ करून घ्यावी लागली. फोम घातला. आवाज आला, थेट तोच बसका ठोका. जेमर्सन मात्र आला नाही.

मला वाटतं, इथे तारांचे अभ्यासक चुकतात. तो मुळात उभा डबल बेस वाजवणारा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तो वापरे. आम्ही दोन बोटं आलटून-पालटून चालवतो आणि नकळत एक स्वर जड, एक हलका पडतो. त्याच्या एका बोटाला प्रत्येक स्वरासाठी नव्याने निघावं लागतं. वरच्या तारेवरून खालच्या जाड तारेकडे येताना तेच बोट ओढत आणायचं, मध्ये उघडी तार वाजून जाऊ द्यायची. ती ओढ म्हणजे त्याची सही. जुन्या तारा आणि फोम यांनी फक्त एवढंच केलं, की स्वर लवकर विझल्यामुळे दोन स्वरांमधली शांतता ऐकू यायला लागली.

मंचावर हे सगळं कितपत टिकतं? बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपनांची. त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. मैदानातल्या मंडपात मला माझाच बेस ऐकू येत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या बाईच्या पोटात तो घुमत असतो. एका गावात ध्वनियंत्रणावाल्याने दोन गाणी माझा आवाज बंदच ठेवला होता. लोक बसून राहिले. तिसऱ्याला चालू केल्यावर पोरं उठली. निवेदकाने त्याचं श्रेय ढोलकीला दिलं.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंची गोष्ट डेट्रॉइटहून वेगळी नाही, फक्त अधिक मोठी आहे. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. ज्या गोव्याच्या मंडळींनी नोटेशन लिहिलं आणि वाद्यमेळ उभा केला, ती सेबॅस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं क्वचितच दिसली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ किती रसिकांना नावाने ठाऊक आहेत? ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक 2008 मध्ये आणलं, तेव्हा बरेच जण वृद्ध झाले होते. हे काम एका परदेशी अभ्यासकाने करावं, याची मला लाज वाटते. आपल्याकडे हातात वही घेऊन दादर-वांद्र्याला जायला विमानाचं तिकीट लागत नव्हतं.

मी उशिराने एकदा गेलो. वांद्र्याला एका निवृत्त बेसवादकाकडे. सत्तरच्या दशकातलं एक गाणं मोबाइलवर लावलं आणि विचारलं, "अंकल, हे तुम्हीच ना?" त्यांनी डोळे मिटले. डावा हात गुडघ्यावर होता, त्याची बोटं हलायला लागली, अगदी बरोबर जागी, कडव्याआधीच्या उतरत्या तुकड्यासकट. गाणं संपलं.

"दिवसाला दोन-दोन रेकॉर्डिंग असायची रे," ते म्हणाले. "मी असेन. नसेनही. पुन्हा लाव बघू."