चोवीस तासांचा हिशेब

वेळेचा सदुपयोग कसा करावा हें शिकविणाऱ्या पुस्तकांचा आज इतका सुकाळ झाला आहे कीं, तीं सारीं वाचावयाचीं म्हटल्यास माणसाला दुसरें कांहीं करावयास वेळच उरणार नाहीं. अशा वेळीं या जातीच्या एका जुन्या पुस्तकाकडे वळणें बरें, असें आम्हांस वाटतें. आर्नल्ड बेनेट (1867–1931) या इंग्रज कादंबरीकाराचें ‘हाउ टु लिव्ह ऑन ट्वेंटी-फोर अवर्स अ डे’ हें चिमुकलें पुस्तक 1908 सालचें. त्याच वर्षीं त्याची ‘दि ओल्ड वाइव्हज टेल’ ही मोठी कादंबरीहि प्रसिद्ध झाली. तेव्हां वेळेविषयीं बोलण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारणार नाहीं.

बेनेट तरुणपणीं लंडनमध्यें वकिलाच्या कचेरींत कारकून होता, आणि त्याचा उपदेशहि मुख्यतः कारकुनालाच आहे. दहा ते सहा कचेरी करणारा हा गृहस्थ त्या आठ तासांनाच आपला दिवस समजतो. उरलेले सोळा तास त्याच्या लेखीं केवळ मागचेंपुढचें शेपूट. बेनेट म्हणतो, ही समजूतच उलटी करा; सायंकाळीं सहापासून दुसऱ्या सकाळीं दहापर्यंतचा काळ हाच आपला स्वतंत्र दिवस माना. पैसा कोणाजवळ थोडा, कोणाजवळ फार. पण तासांची थैली रोज सर्वांना सारखीच मिळते, आणि उद्यांच्या थैलींतून आज उचल करतां येत नाहीं. एवढी मोठी प्रस्तावना करून तो मागतो तें मात्र अगदीं थोडें: आठवड्यांतील सहा सकाळीं अर्धा-अर्धा तास मन एका विषयावर स्थिर करणें, आणि तीन संध्याकाळीं दीड-दीड तास नेमानें अभ्यास. 168 तासांपैकीं अवघे साडेसात!

हा संयम हाच पुस्तकाचा खरा गुण होय. आरंभींच फार मोठा बेत करून तोंडघशी पडूं नका, वेळापत्रकाचे गुलाम होऊं नका, आणि चार दिवस नेम पाळला म्हणून इतरांस तुच्छ लेखूं नका, असें तो बजावतो. शिवाय वांचविलेला वेळ पुन्हां कचेरीच्याच पायीं वाहावा, असें तो सांगत नाहीं. त्याच्या आजच्या कित्येक वारसदारांस नेमका याच गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. कमी वेळांत अधिक काम उरकावें, आणि उरलेल्या वेळांत आणखी काम घ्यावें, हेंच त्यांच्या शिकवणीचें सार. बेनेटला हवें होतें तें काम नव्हे, जगणें.

तथापि दोन ठिकाणीं आमचा त्याच्याशीं मतभेद आहे. पहिलें वाङ्मयविषयक. गंभीर वाचनाच्या यादींतून तो कादंबरीला वगळतो. कारण चांगली कादंबरी वाचतांना मनाला श्रम पडत नाहींत, असें त्याचें म्हणणें. ज्यानें दोन बहिणींचें आयुष्य तारुण्यापासून मृत्यूपर्यंत पानापानांतून उलगडून दाखविलें, त्याच लेखकानें हें म्हणावें याचें आम्हांस नवल वाटतें. काळ माणसाचें काय करतो हें त्या कादंबरींत जितकें उमगतें, तितकें या उपदेशांत उमगत नाहीं. श्रम पडले म्हणजेच वेळ सार्थकीं लागला, ही कचेरीची मोजपट्टी. ती बेनेटनें नकळत संध्याकाळींहि घरीं आणली आहे.

दुसरें ठिकाण अधिक नाजूक आहे. पुढें जोडलेल्या प्रस्तावनेंत तो कामांत रमणाऱ्या आणि संध्याकाळीं थकून येणाऱ्या गृहस्थांस पहाटे लवकर उठण्याचा सल्ला देतो. मग चहा कोण देणार? या शंकेला त्याचें उत्तर तयार आहे: घरांत जी कोणी बाई असेल तिला रात्रींच सांगून ठेवावें, ती तबकांत बिस्किटें, कपबशी, काडेपेटी आणि स्पिरिटचा दिवा मांडून ठेवील. या बाईच्या चोवीस तासांचा हिशेब मात्र पुस्तकांत कोठेंहि नाहीं. थैली तिलाहि तेवढीच मिळते. पण त्या थैलीची दोरी दुसऱ्याच्या हातांत आहे. गंमत अशी कीं, काव्यवाचनासाठीं बेनेट आग्रहानें सुचवितो तें ‘ऑरोरा ली’ (1856) हें एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचें काव्य एका कवयित्रीच्याच जीवनाची कथा आहे! 

बेनेटच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनीं, 1910 सालीं, रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक निघालें. पतीचा पूर्ण पाठिंबा असतांहि घरांतील बायकांचा रोष सोसून त्यांना अक्षरओळख आणि पुढें इंग्रजी साधावी लागली. त्या घरांत घड्याळाचा तास कमी भरत नव्हता; तो आपला म्हणण्याची मोकळीक कमी होती. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे, वेळ सर्वांना सारखा मिळतो हें वाक्य गणितांत खरें असलें तरी संसारांत अर्धेंच खरें, हें ध्यानांत येतें.

एवढ्यानें बेनेटचें पुस्तक टाकाऊ ठरत नाहीं. आपला वेळ सर्वस्वीं दुसऱ्याच्या ताब्यांत आहे अशी सबब सांगत बसणाऱ्या सुस्थितींतील माणसाला त्याचा टोला आजहि बरोबर लागतो, आणि तो लागावाच. आमचें वाचकांस इतकेंच सांगणें आहे कीं, साडेसात तासांचा हा हिशेब मांडावयास बसतांना तो एकट्याच्या नांवें मांडूं नये. घरांत तबक कोण मांडून ठेवतें तें आधीं पाहावें, आणि तिच्या नांवाचेहि साडेसात तास त्याच कागदावर लिहावे.