चाळीस टक्के कशाचे?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला हमखास विचारतात, "व्याख्या कुठून घ्यायची?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकतात, "शासनाची घेतली की कुणी आक्षेप घेत नाही." खरं आहे, बहुतेक वेळा नाही घेत. म्हणूनच आज एक शासकीय व्याख्या नीट तपासून वाचू या. विषय आहे काम करता न येणाऱ्या माणसाला मिळणारं अनुदान.

गंगापूर रोडवर इमारतींची कामं थांबत नाहीत. त्या इमारतींत वीसेक वर्षं फरशी बसवणारे एक मिस्त्री मला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात भेटले. दोन्ही गुडघे गेलेत. उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं न बसता फरशी बसत नाही. हातात अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं, त्यावर ३० टक्के. दुकानातल्या मुलाने सांगितलं, "काका, चाळीसच्या खाली फॉर्म पुढे जात नाही." मिस्त्री म्हणाले, "पोरा, काम तर शंभर टक्के बंद आहे ना?"

या प्रश्नात संशोधनपद्धतीचा एक अख्खा धडा आहे.

आधी नियम पाहू. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. दिव्यांग व्यक्तीला तिचा लाभ हवा असेल तर किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, अशा दोन्ही अटी आहेत. तिथे केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये.

आता हे ४० कुठून आले? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उघडा आणि कलम २ वाचा. तिथे दिव्यांग व्यक्तीची व्याख्या करताना फक्त शरीराचा विचार केलेला नाही. दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या एकत्र परिणामामुळे समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, अशी ती व्यक्ती. पण त्याच कलमात शेजारी दुसरी व्याख्या आहे, ती लक्षणीय दिव्यांगत्वाची: ४० टक्के किंवा जास्त. पहिली व्याख्या माणूस आणि त्याचा भोवताल दोन्ही पाहते. दुसरीत भोवताल गळून पडतो. आणि अर्जाच्या खिडकीवर दुसरीच चालते.

टक्के मोजतात कसे, तेही बघा. पायाच्या अपंगत्वाच्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. त्याबरोबर स्थैर्याच्या नऊ बाबी तपासतात: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं वगैरे. उकिडवं बसणंही त्यात आहे. म्हणजे मिस्त्रींची अडचण मोजपट्टीला दिसत नाही असं नाही. दिसते, पण नवातली एक म्हणून, इतर आठांइतक्याच वजनाने. टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्यालाही तेच वजन आणि फरशी बसवणाऱ्यालाही तेच. मानसिक आजाराची पट्टी वेगळी आहे. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन यांच्या जोडीला 'काम' हा स्वतंत्र मुद्दा आहे. म्हणजे एका अपंगत्वात कामाबद्दल विचारतात आणि दुसऱ्यात विचारत नाहीत.

तुमच्या भाषेत सांगायचं तर ही पट्टी विश्वासार्ह असू शकेल. दोन डॉक्टरांनी मोजलं तर आकडा जवळपास सारखा येईल. पण प्रश्न 'हा माणूस कमावू शकतो का?' असा असेल, तर त्या प्रश्नासाठी ती वैध नाही. हा फरक परीक्षेपुरता पाठ करू नका. त्यावर कुणाच्या तरी घरातली चूल अवलंबून आहे.

कुणी म्हणेल, दुसरं मोजमाप शक्यच नाही. पण आपल्याच कायद्यात ते आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात 'कमाई करण्याच्या क्षमतेची हानी' ही वेगळी संकल्पना आहे. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ही हानी १०० टक्के धरलेली योग्य ठरवली, कारण तो आता सुतारकाम करू शकत नव्हता. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या अपघाताच्या खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे, तोच हात गेला तर चालकाचं आणि कारकुनाचं नुकसान सारखं नसतं.

अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. टक्केवारीला एक गुण आहे: अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा कमी राहते. ब्रिटनने २००८ पासून कामाची क्षमता तपासायची पद्धत आणली, आणि तिथेही असंख्य आजारी माणसांना 'काम करू शकता' असं सांगितल्याची टीका झाली. नुसता प्रश्न बदलून न्याय मिळत नाही. पण चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर तरी न्याय कसं ठरेल?

आणखी एक गाठ आहे. समजा मिस्त्रींना ४० टक्के मिळाले, तरी दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७. त्यांची बायको चार घरी पोळ्या करते. तिच्या कमाईनेच ती मर्यादा ओलांडली जाते. असमर्थता एका माणसाची मोजायची आणि गरज अख्ख्या कुटुंबाची! मग त्याने जन्मभर बायकोच्या कमाईवर अवलंबून राहावं, हे न लिहिता गृहीत धरलेलं असतं.

आता तुमच्या कामाचं. उद्या तुम्ही 'दिव्यांग लाभार्थ्यांचा अभ्यास' असा विषय घेतलात आणि तहसील कार्यालयातून यादी मागितलीत, तर हे मिस्त्री त्या यादीत नसतील. तुमचा निष्कर्ष कितीही काटेकोर असला तरी ते त्यात नसतील. म्हणून प्रस्तावात तीन ओळी जास्त लिहा: ही व्याख्या कोणी, कशासाठी केली, ती नेमकं काय मोजते, आणि तिच्यामुळे कोण बाहेर राहतं. तिसऱ्या ओळीसाठी नाकारलेले अर्ज मागा. तेही मिळाले नाहीत तर अर्ज भरून देणाऱ्या दुकानात एक दिवस बसा. फॉर्म न भरताच परत जाणारी माणसं कुठल्याच नोंदवहीत नसतात.

मिस्त्रींनी त्या दिवशी प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि भिंत धरून पायऱ्या उतरले. तीन पायऱ्या होत्या. मोजपट्टीत जिना चढण्याला एक रकाना आहे.