पत्त्यावरून नाव : एका नियमाची चिकित्सा

आमच्या संस्थेतून एका परिसंवादाची निमंत्रणे ई-मेलने पाठवली आणि त्यांतली बरीचशी परत आली. पत्ते बरोबर होते, मजकुरातही काही वावगे नव्हते. परतीच्या टिपणात कारण दिले होते ते असे, की पाठवणाऱ्या यंत्राच्या क्रमांकावरून त्याचे नाव सापडत नाही. आम्ही नुकतीच इंटरनेटची जोडणी बदलली होती आणि नव्या कंपनीकडून एक नोंद करायची राहिली होती. ती आम्हाला स्वतःला करता येईना!

डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, असे आपण वर्गात सांगतो. उपमा चांगली आहे, पण अर्धीच. डिरेक्टरी हे एकच पुस्तक असते. इथे वह्या दोन आहेत. नावावरून क्रमांक सांगणारी वही नावाच्या मालकाकडे असते. क्रमांकावरून नाव सांगणारी वही ज्याच्याकडे क्रमांकांचा गट आहे त्याच्याकडे, म्हणजे बहुधा जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे. भाडेकरू आपल्या पत्रावर घराचा पत्ता खुशाल छापतो, पण दारावरची पाटी घरमालकच बदलणार, तसेच हे.

दुसऱ्या वहीची रचना गमतीची आहे. १९२.०.२.२५ हा क्रमांक शोधायचा तर तो उलटा करून २५.२.०.१९२ असा लिहितात आणि पुढे 'इन-अ‍ॅडर.आर्पा' जोडतात. असे का? नावात व्यापक भाग शेवटी येतो, जसे आपण गाव, तालुका, जिल्हा या क्रमाने लिहितो. क्रमांकात तो सुरुवातीला असतो. दोन्ही एकाच झाडावर बसवायचे तर एकाला उलटे करणे भाग होते. ही युक्ती १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये दिलेली आहे.

आता नियमाकडे वळू. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणारा आरएफसी ५३२१ ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचे संपादक जॉन क्लेन्सिन. जॉन पोस्टेल यांच्या १९८२ सालच्या आरएफसी ८२१ चा हा वंशज. पाठवणारे यंत्र सुरुवातीला नमस्कार करून आपले नाव सांगते. ते नाव त्याच्या क्रमांकाशी जुळते का, हे घेणाऱ्याने हवे तर तपासावे, पण जुळले नाही म्हणून पत्र नाकारू नये, असे हा दस्तऐवज स्पष्ट बजावतो. मग पुढे कलम ७.९ येते. तिथे म्हटले आहे, की घेणाऱ्याला योग्य वाटेल अशा कोणत्याही तांत्रिक वा व्यावहारिक कारणासाठी पत्र नाकारता येते. बंदी फक्त नमस्कारातल्या नावापुरती, उलट नोंदच नसेल तर मुभा! तर्काला हे धरून आहे, हे मान्य. पण दोन कलमे एकत्र वाचल्यावर पहिल्याचा धाक उरत नाही.

व्यवहाराने तर मुभेचाच नियम केला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच पाठवणाऱ्यांना दोन्ही बाजूंच्या नोंदी आवश्यक ठरवल्या. त्यामागे अनुभव आहे. व्हायरस शिरलेल्या घरगुती संगणकांवरून कचरा-पत्रांचे लोट येत, आणि अशा क्रमांकांना बहुधा धड नाव नसते. शिवाय पाटीवर कोणी खोटे नाव लिहिले, तर त्या नावावरून पुन्हा क्रमांक काढून पाहता येतो. दोन्ही वह्या जुळल्या तरच खरे.

परंतु जुळले म्हणजे काय सिद्ध झाले? क्रमांकाचा मालक आणि नावाचा मालक यांचे एकमेकांशी पटते, एवढेच. पत्र प्रामाणिक आहे की फसवे, याबद्दल ही नोंद काहीच सांगत नाही. सर्व्हर भाड्याने घेणारा ठग ती दोन मिनिटांत करून घेतो. अडकते ती स्वतःचा मेल-सर्व्हर चालवू पाहणारी लहान संस्था, जिची कंपनी फोन उचलत नाही. नावाच्या मालकाने पत्रावर गणिती सही करण्याची डीकेआयएम पद्धत (आरएफसी ६३७६, २०११) मला अधिक न्याय्य वाटते, कारण तिथे घरमालकाची परवानगी लागत नाही.

आमची नोंद शेवटी झाली, निमंत्रणेही पोचली. परिसंवाद तोवर चार दिवसांवर आला होता. वर्गात डिरेक्टरीची उपमा जरूर द्यावी, फक्त वह्या दोन आहेत आणि दुसरी आपल्या हातात नाही, एवढे जोडावे. नववीच्या मुलांना ते कळते, मी सांगून पाहिले आहे. क्रमांक उलटा का लिहायचा, हे तर त्यांनी मी सांगण्याआधीच ओळखले.