व्यायामसहनशीलता आणि औषधचाचणी : मोजमापाचा प्रश्न

सीओपीडी या दीर्घकालीन फुफ्फुसविकारात रुग्णाची मुख्य तक्रार 'चालवत नाही' ही असते. श्वासनलिका अरुंद झाल्याने उच्छ्वास पूर्ण होत नाही. श्रमामुळे श्वसनाचा वेग वाढला की छातीत हवा साचत जाते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. टायोट्रोपियम हे औषध श्वासनलिका रुंदावून साचणारी हवा कमी करते. म्हणूनच त्याची परीक्षा केवळ एका सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेच्या मापावर न करता श्रमाच्या कसोटीवर व्हावी, हा विचार रास्त होता.

ओडोनेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १८७ रुग्णांना सहा आठवडे टायोट्रोपियम किंवा प्लासिबो देण्यात आले. कमाल क्षमतेच्या ७५ टक्के भारावर स्थिर सायकल चालवताना औषध घेणारे रुग्ण प्लासिबो गटापेक्षा सरासरी १०५ सेकंद अधिक टिकले. चाचणी काटेकोर होती. तथापि तिने मोजली ती प्रयोगशाळेतील क्षमता. त्यावरून रुग्णाचे दैनंदिन चालणे वाढले, असे अनुमान काढता येत नाही.

कासाबुरी व सहकाऱ्यांच्या २००५ मधील चाचणीत दोन्ही गटांना आठ आठवडे व्यायाम-पुनर्वसन देण्यात आले. पुनर्वसनापूर्वी ट्रेडमिलवरील कालावधीत दोन्ही गटांमध्ये १.६५ मिनिटांचा, संख्याशास्त्रीयदृष्ट्या अनिर्णायक फरक होता. पुनर्वसनानंतर तो ५.३५ मिनिटे झाला आणि आणखी बारा आठवड्यांनी ६.६० मिनिटे. औषधाने मिळालेला अवकाश व्यायामामुळे फलद्रूप होतो, असा याचा अर्थ लावता येतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिजॅक्टो चाचणीने मूळ प्रश्न अधिक स्पष्ट केला. टायोट्रोपियम व ओलोडॅटेरॉल एकत्र दिल्याने सहनशीलता वाढली, व्यायामाची जोड मिळताच आणखी वाढली. मात्र चारही गटांना वर्तनबदलाचे मार्गदर्शन मिळत होते, आणि दैनंदिन पावलांच्या संख्येत केवळ मार्गदर्शन मिळालेल्या गटाच्या तुलनेत औषध वा व्यायामाने उल्लेखनीय भर पडली नाही.

तात्पर्य, 'करू शकणे' आणि 'करणे' ही दोन भिन्न फलिते आहेत. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरल्यास इन्हेलर लिहून दिला की उपचार संपला, असा समज दृढ होतो आणि रुग्ण खुर्चीतच बसून राहतो. म्हणून अशा चाचण्यांनी सायकलवरील सेकंदांबरोबरच रुग्णाच्या दिवसभराच्या हालचालींनाही प्रमुख फलिताचे स्थान देणे आवश्यक आहे.