वीस मिनिटांची कसोटी आणि पाच टक्क्यांची वजाबाकी

सायकलपटू सुमारे तासभर टिकवू शकेल अशी सर्वाधिक शक्ती किती, हे ठरविण्याचा एक सुटसुटीत नियम आज रूढ आहे. वीस मिनिटे सर्व बळ एकवटून सायकल चालवावी, त्या अवधीतील सरासरी शक्ती वॅटमध्ये मोजावी आणि तिच्यातून पाच टक्के वजा करावेत. हंटर अ‍ॅलन व अँड्र्यू कॉगन यांच्या २००६ सालच्या ग्रंथामुळे या नियमाचा प्रसार झाला. त्याची सोय निर्विवाद आहे. परंतु नवशिक्या आणि निष्णात अशा दोघांनाही एकच गुणक लावणे कितपत युक्त आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मोनो व शेरेर यांनी १९६५ साली स्नायुसमूहांच्या कार्याविषयी एक संबंध मांडला. मोरितानी व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली तो सायकलवरील श्रमास लावून दाखविला. त्यानुसार थकून थांबेपर्यंत केलेल्या एकूण कार्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग काळाच्या प्रमाणात वाढतो. त्याच्या दरास क्रांतिक शक्ती म्हणतात. दुसरा भाग हा ठराविक कार्यसंचय असून, त्या दराहून अधिक शक्ती लावताच तो खर्ची पडू लागतो. तेव्हा वीस मिनिटांची सरासरी म्हणजे क्रांतिक शक्ती अधिक कार्यसंचयाचा बाराशेवा भाग होय. वजा करावयाची राशी टक्क्यांत नसून वॅटमध्ये आहे, हे यावरून उघड होते.

समजा, तीन सायकलपटूंचा कार्यसंचय सारखाच, १८,००० जूल आहे; त्याचा बाराशेवा भाग १५ वॅट होतो. त्यांची क्रांतिक शक्ती अनुक्रमे १५०, २८५ व ३८५ वॅट असल्यास कसोटीत १६५, ३०० व ४०० वॅट मिळतील. पाच टक्के वजा केल्यावर १५६.७५, २८५ व ३८० वॅट उरतात. म्हणजे नियम मधल्यापुरता तंतोतंत खरा ठरतो. दुर्बलास तो पावणेसात वॅट अधिक देतो, तर सबलाचे पाच वॅट हिरावून घेतो. ही चूक यदृच्छेने घडत नाही, ती कुवतीच्या उलट दिशेने कलते. पहिल्याने नियमाचा आकडा प्रमाण मानून सायकल चालविल्यास याच गणिताप्रमाणे त्याचा संचय सुमारे ४४ मिनिटांत संपेल. त्याच्या सरावाचे सारे टप्पे याच आकड्यावर आखले जात असल्याने अपयशाचा दोष मात्र त्याच्या चिकाटीकडे जातो.

कार्यसंचय सर्वांचा सारखा नसतो, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु त्यामुळे एकच गुणक अधिकच अग्राह्य ठरतो. ग्रंथकारांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ पद्धतीत कसोटीपूर्वी पाच मिनिटांचा पराकाष्ठेचा श्रम सांगितलेला आहे आणि तो हा संचय कमी करण्यासाठीच आहे. तो गाळून केवळ गुणक वापरणाऱ्यांनी नियमाची अट सोडून निष्कर्ष तेवढा उचलला आहे.

निरनिराळ्या अवधींच्या दोन कसोट्या घेतल्यास गुणकाची गरजच उरत नाही. वरील पहिला सायकलपटू तीन मिनिटांत २५० वॅटने ४५,००० जूल व बारा मिनिटांत १७५ वॅटने १,२६,००० जूल कार्य करील. ८१,००० जूलच्या फरकास ५४० सेकंदांनी भागले की १५० वॅट मिळतात. मात्र दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, म्हणून पडताळ्यासाठी तिसरी कसोटी हवी. शिवाय क्रांतिक शक्ती अनंत काळ टिकते असे गणित म्हणत असले, तरी शरीर तसे मानीत नाही. ती तासाच्या शक्तीशी एकरूप समजणे हीही चूकच होय. तथापि या पद्धतीत गृहीत गोष्टी उघड मांडलेल्या असतात व तपासता येतात. पाच टक्क्यांच्या वजाबाकीत त्या झाकलेल्या राहतात, हाच तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.