मोठ्या उद्योगांची रचनाभाषा आणि देवनागरी : एक चिकित्सा

एखाद्या उद्योगाच्या सर्व वस्तू एकाच घराण्यातील वाटाव्यात, हा विचार संगणकयुगाने जन्माला घातलेला नाही. १९०७ मध्ये जर्मनीतील एईजी या विद्युत कंपनीने पीटर बेहरेन्स यांना कलासल्लागार नेमले. दिवे, किटल्या, जाहिराती, मुद्राक्षरे आणि बर्लिनमधील १९०९ चा टर्बाइन कारखाना यांना त्यांनी एका शिस्तीत आणले. १९५६ मध्ये एलियट नॉइस यांनी आयबीएममध्ये हेच कार्य अधिक उदारपणे केले. बोधचिन्ह पॉल रँड यांचे. १९६१ चा सिलेक्ट्रिक टंकलेखक स्वतः नॉइस यांचा. इमारती मात्र ईरो सारिनेन, मार्सेल ब्रॉयर अशा भिन्न प्रकृतीच्या वास्तुविशारदांकडे सोपविलेल्या. एकात्मता म्हणजे एकसाची रूप नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

जून २०१४ मध्ये गूगलने 'मटेरियल डिझाइन' जाहीर केले, तेव्हा या परंपरेत मूलभूत बदल झाला. व्यक्तीच्या दृष्टीची जागा लिखित नियमावलीने घेतली. कंपनीबाहेरच्या असंख्य विकसकांनाही ती खुली झाली. नियमावलीचे लाभ उघड आहेत. त्यांचा पाढा येथे वाचण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे : ही सामायिक भाषा कोणाच्या लिपीला प्रमाण मानून घडली?

उत्तर नियमावलीतच सापडते. तिच्या आरंभीच्या आवृत्तीत जगातील लिप्यांचे तीन वर्ग केले होते : इंग्रजी व इंग्रजीसारख्या, उंच आणि दाट. हिंदीचा, पर्यायाने देवनागरीचा, समावेश 'उंच' वर्गात. वरकरणी हे तांत्रिक वर्णन आहे, कारण मात्रा-उकारांमुळे आपल्या ओळींना अधिक अंतर खरोखरच लागते. परंतु उंच कोणाच्या तुलनेत? पट्टी इंग्रजीची आहे आणि बाकीच्या लिप्या तिच्यापासून ढळलेल्या म्हणून नोंदविल्या आहेत.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पूर्वीच्या आवृत्त्यांत बटणावरील शब्द कॅपिटल अक्षरांत घेऊन वेगळा दाखविला जाई. देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत; त्यामुळे तो भेद मराठीत आपोआप लुप्त होतो. अक्षरांमधील अंतर वाढविण्याची युक्ती तर याहून घातक, कारण तिने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात. २०२१ च्या आवृत्तीत बटणांवरील कॅपिटल अक्षरांचा आग्रह सोडण्यात आला.

मराठीपुरती अधिक सूक्ष्म अडचण 'ल' आणि 'श' यांची आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे प्रमाण ठरविली. युनिकोडमध्ये मात्र मराठी व हिंदी 'ल' यांना एकच संकेतांक आहे. रूपभेद टंकाच्या आत ठेवलेला असतो आणि मजकूर मराठी आहे अशी खूण मिळाली तरच तो प्रकटतो. 'देवनागरी म्हणजे एकच गट' असे मानणारी व्यवस्था हा भेद सहज गिळून टाकते. एकरूपता साधते, पण बालकाने पाटीवर गिरविलेले अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर यांत अंतर पडते. हा दोष किरकोळ मानण्याची आपली सवय प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

सर्व दोष कंपन्यांच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही. गूगलचा नोटो हा टंकसमूह आणि आयबीएमने २०१७ पासून खुला केलेला प्लेक्स, दोहोंत देवनागरीला स्थान आहे. मराठी रूपे सामावणारे टंक आज विनामूल्य मिळतात. तथापि टंकाचे मूळ रूप हिंदी वळणाचे असेल आणि पानाला 'एमआर' ही भाषेची खूण लावलेली नसेल, तर 'ल' दंडयुक्तच उमटतो. आणि आपल्याकडील शिक्षणसंस्थांच्या मराठी पानांवरही ही खूण इंग्रजीचीच राहून गेलेली वारंवार आढळते.