कर्करोगाचे चुकीचे निदान, शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय निष्काळजीपणा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्करोग समजून अवयव काढला जातो आणि नंतर ऊतितपासणीत कर्करोग नव्हताच असे आढळते, तेव्हा झालेली हानी भरून येत नाही. नुकसानभरपाई मागणाऱ्या अशा रुग्णासमोर ‘निदानातील चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे’ हे तत्त्व उभे राहते. हे तत्त्व योग्य असले तरी त्याची मर्यादा ठरविणे आवश्यक आहे.

निवाड्यांची दिशा :
लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले (1968) या महाराष्ट्रातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्ण स्वीकारणे, उपचार ठरविणे आणि उपचार करणे या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य सांगितले. जेकब मॅथ्यू (2005) निवाड्याने इंग्लंडमधील बोलम कसोटी (1957) मान्य केली. जबाबदार समव्यावसायिकांना मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा डॉक्टर या कसोटीनुसार दोषी ठरत नाही.

या कसोटीचा कस मेनार्ड खटल्यात (1983) लागला. रुग्णाला क्षयरोगाची शक्यता अधिक होती. तथापि हॉजकिन या कर्करोगाची शंका असल्याने क्षयतपासणीच्या अहवालाची वाट न पाहता शोधशस्त्रक्रिया करण्यात आली व स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली. आजार क्षयाचाच निघाला. विलंब घातक ठरला असता, ही डॉक्टरांची बाजू तज्ज्ञांनी उचलून धरल्याने हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला.

समीक्षा :
येथे तज्ज्ञांच्या सहमतीलाच निर्णायक वजन मिळाले. बोलिथो निवाड्याने (1997) ही उणीव काही अंशी दूर केली : तज्ज्ञांचे मत तर्कालाही उतरले पाहिजे. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात सुजलेली गाठ क्षयाचीही असू शकते. त्यामुळे तातडीचे कारण नसताना ऊतितपासणीशिवाय अवयव काढणे ही निदानातील चूक नसून पडताळणीतील कसूर होय. संमतीचा प्रश्नही यास जोडलेला आहे. निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेस पुरत नाही, जीव वाचविण्याची निकड हाच त्यास अपवाद, असे समीरा कोहली निवाडा (2008) सांगतो. निदान अनिश्चित आहे हे रुग्णास न सांगता घेतलेली सही म्हणूनच अपुरी ठरते.

ग्रामीण भागात साधने अपुरी असतात, हा बचाव न्यायालयांनी विचारात घ्यावाच. परंतु इस्लापूरसारख्या गावात ऊतितपासणीची सोय नसली, तरी ऊतीचा नमुना नांदेडला पाठविता येतो. सोयीचा अभाव हे रुग्णास पुढे पाठविण्याचे कारण आहे, घाईने शस्त्रक्रिया करण्याचे नव्हे.

निष्कर्ष :
इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता (1995) निवाड्याने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये मात्र त्याबाहेर राहिली. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदारास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. त्यामुळे हैदराबादेत शस्त्रक्रिया झालेला इस्लापूरचा रुग्णही नांदेडच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत कागदपत्रे मिळावयास हवीत. रुग्णाचा दावा अखेर ऊतितपासणीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचा दिनांक यांच्या क्रमावर उभा राहतो. अहवाल आधी होता की नंतर, हा प्रश्न तज्ज्ञांच्या सहमतीपूर्वी विचारला गेला पाहिजे.